सदाच लटकलेली पाटी

पत्राचा गोषवारा: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यातले एकोणतीस वर्षांचे शिफ्ट इंजिनिअर असलेले एक वाचक लिहितात. ऐन हंगामात, रात्री बाराच्या शिफ्टबदलाच्या सुमारास मेन केन कॅरिअर (ऊस मिलकडे नेणारा साखळीपट्टा) लेव्हलरखाली (उसाचा थर सपाट करणाऱ्या फिरत्या सुऱ्यांखाली) जाम झाला. कॅरिअर बंद करून जुने मिल फिटर (सगळे त्यांना तात्या म्हणतात, ते वाचकांचे गाववाले, नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच) आणि एक हंगामी हेल्पर पहारी घेऊन आत उतरले. पॅनेलवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी होती, ‘ती तिथे नेहमीच असते’. चार ते बाराचा इलेक्ट्रिशियन घरी गेला आणि पुढच्या शिफ्टचा आला. वाचकांनी त्याला फोनवर घाईत सांगितलं, ‘कॅरिअर ट्रिप झालाय, घ्या.’ त्यांच्या मनात बॉयलरकडचा बगॅस (चिपाडाचा) कॅरिअर होता, त्याने मेन कॅरिअर घेतला, म्हणजे त्याची वीज चालू केली. केबिनमधला स्विच ‘चालू’वरच राहिलेला असल्याने कॅरिअर दोनेक फूट पुढे सरकला. तात्यांनी हेल्परला काखेत धरून वर ओढलं. एक गमबूट आत राहिला.

कुठेही नोंद झाली नाही. चीफ इंजिनिअर म्हणाले, ‘कोणाला लागलं नाही ना? हंगाम संपू दे, ऑफ सीझनला बघू.’ वाचकांनी स्विचला कुलूप लावायचा विषय काढला तेव्हा तात्या म्हणाले, ‘पस्तीस हंगाम काढले. आता मला कुलूप लावायला शिकवतोस?’ इलेक्ट्रिशियन ठेकेदाराचा आहे, लेखी दिलं तर त्याची नोकरी जाणार. तात्या या हंगामानंतर निवृत्त होतायत. वाचक विचारतात: लेखी द्यावं, की गप्प राहून आपल्या शिफ्टपुरती काळजी घ्यावी? कोणाशी इमान राखावं?

— — —

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे निघून गेलात: पाटी तिथे नेहमीच असते. मी तिथेच अडकलो. जी पाटी काम चालू असताना लटकते आणि नसतानाही लटकते, ती पाटी राहत नाही, पॅनेलचा रंग होऊन जाते. त्या रात्री नंतर आलेल्या इलेक्ट्रिशियनने ती पाहिली असेल का, असं तुम्ही विचारता. पाहिली असेलच. आदल्या महिन्यात रोज पाहिली होती आणि रोज पाटीसकट तेच स्विच टाकले होते.

तुम्ही प्रश्न इमानाचा करून पाठवला आहे. एकीकडे तात्या आणि इलेक्ट्रिशियन, दुसरीकडे कारखाना आणि तुमची स्वतःची टोचणी. असा मांडला की लेखी देणं म्हणजे चहाडी ठरते आणि गप्प राहणं म्हणजे माणुसकी. जरा वेगळं विचारतो. त्या रात्री आत उतरलेल्या दोघांचा जीव किती जणांच्या स्मरणशक्तीवर टांगलेला होता? मोजा. घरी जाणाऱ्या इलेक्ट्रिशियनने सांगायला हवं होतं. येणाऱ्याने विचारायला हवं होतं. केबिनवाल्याने स्विच बंदवर आणायला हवा होता. तुम्ही फोनवर कॅरिअरचं पूर्ण नाव घ्यायला हवं होतं. चौघांपैकी एकानेही लक्षात ठेवलं असतं, तर कॅरिअर हलला नसता. रात्रीचे बारा, मिलचा आवाज, यार्डात उसाच्या गाड्यांची रांग, आणि चौघं विसरले. यात नवल काहीच नाही. नवल याचं, की जे दोघं आत होते त्यांच्या हातात पहारीशिवाय काहीच नव्हतं.

कुलपाचं एवढंच काम आहे. आत जाणारा माणूस मेन आयसोलेटर (यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करतो, त्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घालून आत उतरतो. मग बाहेर कोण काय विसरलं, कोणी कोणाला काय सांगितलं, फोनवर काय ऐकू आलं, याने फरक पडत नाही. मोठ्या कंपन्यांत याला ‘लोटो’ म्हणतात, लॉकआउट-टॅगआउट. (आपल्याकडे हा शब्द जपून वापरा. कारखान्यात ‘लॉकआउट’ म्हटलं की युनियनला टाळेबंदी ऐकू येते. एका ठिकाणी नोटीस बोर्डावर ‘उद्यापासून लॉकआउट’ लिहिलं आणि सकाळी गेटवर घोळका जमला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.)

तात्यांचं म्हणणं तुम्हाला अपमान वाटलं, मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. पस्तीस हंगामांचा अनुभव खोटा नाही. चेन कुठे ताणलेली आहे, उसाचा गठ्ठा कुठून सोडवला की बाकीचा आपोआप सुटतो, कॅरिअर उतारावर मागे कधी येतो, हे त्यांना तुमच्याहून जास्त कळतं. पण हा सगळा अनुभव कॅरिअरचा आहे. पॅनेल रूममध्ये, भिंतीपलीकडे, कोण कधी आलं हे कॅरिअरमध्ये उभं राहून कोणत्याच अनुभवाला दिसत नाही. कुलूप तात्यांवरच्या अविश्वासापोटी नाही, भिंतीपलीकडच्या माणसाला तात्या दिसत नाहीत म्हणून आहे. हे त्यांना तुम्ही सांगू नका. तुमच्या तोंडून ते भाषण वाटेल. त्याऐवजी दिवसा, एकट्याला गाठून, चहा घेता घेता विचारा: ‘तात्या, कॅरिअर खरंच मेलेला करायचा तर काय काय बंद करावं लागेल?’ यादी त्यांनाच सांगू द्या. माझा अंदाज, ते तुम्हाला माहीत नसलेल्या दोन तरी जागा सांगतील.

ती यादी फक्त विजेची नसणार. हे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण ‘मेन बंद केला’ म्हणजे झालं, हा समज मी भल्याभल्या इंजिनिअरांत पाहिला आहे. कॅरिअर उतारावर आहे, त्यावर उसाचं वजन आहे, चेन ताणलेली आहे. गठ्ठा सुटला की वीज नसतानाही सगळं झटक्याने मागे येऊ शकतं. लेव्हलरचा रोटर जड असतो, बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. डोळ्यांनी थांबलेला दिसेपर्यंत कोणीही खाली जायचं नाही, आणि थांबल्यावर त्याला पाचर किंवा पिन लावायची, कारण अडकलेला ऊस काढताना तो अर्धा फेरा घेतो आणि त्याच्या सुऱ्या ऊस आणि हात यांत फरक करत नाहीत. म्हणजे लेव्हलरचा फीडर (त्याला वीज देणारी पॅनेलवरची लाइन) वेगळा, त्यालाही कुलूप वेगळं. ड्राइव्ह व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) असेल तर त्याच्यावरचं स्टॉप बटण म्हणजे फक्त विनंती आहे. आत कपॅसिटर असतात, त्यांत सप्लाय तोडल्यावरही काही मिनिटं साडेपाचशे व्होल्टच्या आसपास दाब राहतो. किती थांबायचं ते ड्राइव्हच्या झाकणावर लिहिलेलं असतं. इमर्जन्सी स्टॉप, पुल कॉर्ड, केबिनमधला स्विच यांतलं काहीही वीज तोडत नाही. ही सगळी कंट्रोलची खेळणी. धावत्या यंत्राला थांबवायला उत्तम, थांबलेल्या यंत्रात शिरायला निरुपयोगी.

मिलकडे गेलात तर टॉप रोलरचं हायड्रॉलिक आहे. पंप बंद केला तरी अ‍ॅक्युम्युलेटरमधल्या नायट्रोजनच्या फुग्याने तेलाचा दाब धरून ठेवलेला असतो. तो सोडून, गेज शून्यावर आलेला बघूनच नट सैल करायचा. वाफेच्या लाइनवर एक झडप बंद करून भागत नाही, झडपा गळतात. दोन बंद, मधला ड्रेन उघडा, नाहीतर ब्लाइंड प्लेट (पाइपच बंद करणारी चकती). बॉयलर आणि पॅन हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

फ्यूज काढून खिशात ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि तात्या तिचा दाखला देतील. द्या त्यांना मान. ज्याने ती रीत काढली त्याला मूळ गोष्ट कळली होती, की आत जाणाऱ्याच्या खिशात काहीतरी हवं. फक्त तशीच फ्यूज पॅनेल रूमच्या ड्रॉवरमध्ये आणखी डझनभर पडलेली असते. कुलपाची दुसरी किल्ली पडलेली नसते. नसावी. शिफ्ट ऑफिसात डुप्लिकेट किल्ल्यांचा जुडगा टांगलेला दिसला, तर समजा सगळं मुसळ केरात.

गावातला लाइनमन आठवा. तो खांबावर चढण्याआधी सबस्टेशनवरून परमिट घेतो आणि परमिट परत दिल्याशिवाय लाइन चार्ज करायची नाही, हा नियम आहे. तरीही वर गेल्यावर शहाणा लाइनमन तारांना अर्थिंग लावतोच. परमिट देणाऱ्यावर त्याचा राग असतो म्हणून नव्हे. कुणाच्या तरी घरातला जनरेटर उलटा सप्लाय फेकू शकतो, हे त्याला माहीत असतं. कागद आपल्या जागी, पण शेवटची खात्री आपल्या हाताने. कॅरिअरवरही तेच करायचं. कुलूप लागलं की केबिनमधून मुद्दाम स्टार्ट दाबून बघायचं. हललं नाही की स्विच पुन्हा बंदवर. (त्या रात्री चालूवर राहिलेला स्विच याच पायरीला सापडला असता.) पॅनेलमध्ये हात घालायचा असेल तर मीटर आधी चालू सप्लायवर तपासा, मग बंद केलेल्या फीडरवर, मग पुन्हा चालूवर. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. खिशातल्या निऑन टेस्टरवर तर जीव टांगू नये.

शिफ्टबदलाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमची घटना घडली तिथेच. ६ जुलै १९८८ ला स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडे, उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर १६७ माणसं गेली. दिवसपाळीने एका पंपाची सुरक्षा झडप तपासायला काढली होती आणि तिच्या जागी तात्पुरतं झाकण बसवलं होतं. काम संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही. त्याचा परवाना कागदावर होता, पण रात्रपाळीला झडप काढल्याचं कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला, उत्पादन थांबायची वेळ आली, तेव्हा त्यांनी हा पंप सुरू केला. कागद खोटा नव्हता, फक्त योग्य वेळी योग्य डोळ्यांसमोर नव्हता. पंपाच्या स्विचवर झडप काढणाऱ्याचं कुलूप असतं, तर स्विचपाशी आलेल्या माणसाला कागद शोधावाच लागला नसता. म्हणून शिफ्टबदलाला कुलपावर कुलूप: येणारा आपलं लावतो, मगच जाणारा आपलं काढतो. मधे एक क्षणही स्विच उघडा राहत नाही. बारा वाजले म्हणून कुलूप काढून घरी जायचं नाही, आणि विसरून कुलूप लावूनच घरी गेला तर कटर आणायला धावायचं नाही. आधी तो माणूस आवारात नाही याची खात्री, मग त्याला फोन, मग यंत्रात कोणी नाही हे स्वतः बघणं, मग वरिष्ठाच्या सहीने कुलूप तोडणं, आणि तो परत कामावर येईल तेव्हा यंत्राला हात लावण्याआधी त्याला सांगणं. एकदा कोणी घाईत कुलूप कापलं, की त्यानंतर कारखान्यातल्या कुठल्याही कुलपाची किंमत त्या पाटीएवढीच.

आता चीफसाहेबांचं ‘ऑफ सीझनला बघू’. ऑफ सीझनला कॅरिअर उघडून ठेवलेला असतो, घाई नसते, यार्डात एकही गाडी नसते. जाम हंगामात होतो. म्हणजे साहेब छत्री उन्हाळ्यात घ्यायला सांगतायत. त्यांच्या मनातली खरी भीती वेळेची आहे, आणि ती उडवून लावू नका, कारण फोन त्यांना येतात. हिशेब मांडून दाखवा. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना तासाला साधारण २०८ टन गाळतो. कुलपं लावणं, तपासणं आणि काढणं यात दहा मिनिटं गेली तर ३५ टन. नुकसान आहेच, नाही म्हणू नका. पण कॅरिअर जाम आहे तोवर ऊस तसाही पुढे जात नाही, आणि आयसोलेटरवर कुलूप लावायची सोय आधीच केलेली असेल तर दहाची तीन मिनिटं होतात. दुसऱ्या बाजूला एक अपघात झाला तर कॅरिअर किती वेळ उभा राहील, हे साहेबांनाच विचारा. आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे, आणि नवा नाही. वीज तोडणारं जे साधन चुकून बंदवरून चालूवर जाऊ शकतं, ते बंद स्थितीत कुलूपबंद करायची सोय असली पाहिजे, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्येच लिहिलेलं होतं. गंभीर इजेची भीती वाटली तर ती मालकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही आहे. पण अर्जाची सुरुवात कलमाने करू नका. कलम वाचलं की समोरचा उत्तर द्यायला वकील शोधतो.

तर लेखी द्या. याच आठवड्यात. पण काय लिहायचं ते ठरवून द्या. ‘अमक्याने चुकून स्विच टाकला’ असा अर्ज गेला, तर इलेक्ट्रिशियन घरी जाईल आणि नवा इलेक्ट्रिशियन त्याच पॅनेलसमोर, त्याच पाटीखाली उभा राहील. अर्जाचं पहिलं वाक्य स्वतःबद्दल लिहा: मी फोनवर कॅरिअरचं नाव अपुरं सांगितलं. मग वेळा, कोणता स्विच कोणत्या स्थितीत होता, पाटी कधीपासून लटकते, आयसोलेटरला कुलूप लावायची सोय आहे की नाही. नावांऐवजी हुद्दे. शेवटी मागणी: मेन कॅरिअर आणि लेव्हलरच्या आयसोलेटरला कुलपाची सोय, एका आयसोलेटरवर सहा जणांची कुलपं बसतील अशी भोकांची पट्टी, आत उतरणाऱ्या प्रत्येकाला एक कुलूप आणि एकच किल्ली, सप्लाय परत आल्यावर कॅरिअर आपोआप सुरू होणार नाही असा कंट्रोलमधला बदल, पॅनेलवरच्या फीडरना ठळक मराठी नावं (‘कॅरिअर १’, ‘कॅरिअर २’ यांनीच घात होतो), आणि ती जुनी पाटी काढून टाकणं. ठेकेदाराच्या माणसालाही कुलूप, हे वेगळं लिहा, नाहीतर तो यादीतून गळतो.

हे सगळं करूनही ठेकेदार त्या मुलाला काढेल, ही शक्यता मी झाकत नाही. काढायला निघाले तर तुमचा अर्ज हाच त्याचा बचाव आहे, कारण त्यात चूक तुमचीही लिहिलेली आहे. तुम्ही गप्प राहिलात आणि पुढच्या वेळी खरंच कोणाचा पाय गेला, तर मात्र सगळं त्याच्याच अंगावर शेकेल. त्याला अर्ज देण्याआधी दाखवा. मागून कळण्यासारखा दुसरा घाव नाही.

तुमच्या शिफ्टपुरती काळजी? ती आजपासूनच सुरू करा, परवानगीची वाट बघू नका. आयसोलेटरच्या हँडलला भोक असेल तर बाजारातली चांगली कुलपं काही शे रुपयांना मिळतात. भोक नसेल तर कुलूप बसेपर्यंत पॅनेलपाशी एक माणूस उभा करा, जो तात्या वर आल्याशिवाय हलणार नाही. हे कुलपाला पर्याय नाही, आजची रात्र काढायचा उपाय आहे. पण फक्त आपल्या शिफ्टपुरतं थांबाल तर ध्यानात घ्या, तुमची घटना कोणाच्याच शिफ्टमध्ये घडली नव्हती. ती दोन शिफ्टच्या मधल्या फटीत घडली.

अर्जावर महिनाभरात काहीच हाललं नाही आणि माणसं तशीच आत उतरत राहिली, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं दार आहे. ते शेवटी ठेवा, पण आहे हे मनात ठेवा.

तात्यांबद्दल एक. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत म्हणून त्यांना यातून वगळू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला मिलच्या हत्यारांना पहिलं कुंकू कोण लावतं? माझी खात्री आहे, तेच. पहिलं कुलूपही त्यांच्याच हातून लागू दे. त्यांनी लावलेलं बघून पंचवीस जण लावतील. तुम्ही लावलेलं बघून पंचवीस जण ‘साहेब कोर्स करून आले’ म्हणतील.

आणि एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही. तात्या जागोजागी आहेत, इलेक्ट्रिशियनची नोकरी आहे, चीफसाहेब आहेत, तुमची झोप उडाली आहे तेही आहे. ज्याला वर ओढलं तो हेल्पर मात्र एकदाच येतो आणि त्याला नाव नाही. त्या रात्रीनंतर तो पुन्हा कॅरिअरमध्ये उतरला का? कोणी त्याला विचारलं का? हंगामी आहे, नाही म्हणायची त्याची ऐपत नसेल. अर्ज लिहिण्याआधी त्याच्याकडे जा, काय झालं ते त्याच्या तोंडून ऐका. खालून त्याला जे दिसलं ते तुम्हा कोणालाच दिसलेलं नाही. विकत आणलेल्या कुलपांतलं एक त्याला द्या, किल्लीसकट. आणि स्टोअरमधून त्याला नवी गमबुटांची जोडी मिळाली की नाही, तेही बघा.